पाण्याचे पासबुक

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही दोघे कॅनडात, कॅलगरीला, मुलाकडे होतो. सात वर्षांच्या नातीचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले होते. पडलेला दात रात्री उशीखाली ठेवायचा आणि सकाळी त्याच्या जागी नाणे उचलायचे, असा तिचा व्यवहार चालला होता. आमच्या लहानपणी दात कौलांवर फेकत असत. त्यात पैशाचा संबंध नव्हता. त्याच दिवसांत शहरात जाहीर झाले की ३० जूनपासून नळाच्या पाण्यात पुन्हा फ्लोराइड घालणार. सूनबाई नळाखाली पातेले धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, हे पाणी हिला द्यायचं की नाही? माझ्या ऑफिसात निम्मे लोक म्हणतात औषध आहे, निम्मे म्हणतात विष आहे. तुमचं काय मत?"

माझे मत तिने विचारले, कारण बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या सासऱ्याला प्रत्येक विषयावर मत असते असा तिचा अनुभव आहे. यावेळी मात्र मी गप्प राहिलो. फ्लोराइड म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे टूथपेस्टची जाहिरात येत नाही. पांढरकवड्याच्या बाजूचे एक गाव येते.

१९८८ साली माझी बदली यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत झाली. कापूस आणि तुरीचा मुलूख. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकायचा. कर्ज मागायला येणाऱ्या माणसांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे असत. मी पुण्याकडचा शहाणा माणूस. मी मनाशी ठरवून टाकले की हा खर्ऱ्याचा प्रताप. एवढेच करून थांबलो नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत त्या भागातला एक तरुण आहे, त्याचे 'खर्ऱ्याने रंगलेले दात' मी मोठ्या हौसेने वर्णन करून ठेवले आहेत. छापून आलेली चूक खोडता येत नाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला साहेब म्हणून मला बोलावले. खाऊ वाटायचे काम माझ्याकडे होते. तिसरी-चौथीची पोरे रांगेने येत होती आणि पेढा पाहून हसत होती. त्या प्रत्येक हसण्यात तेच पट्टे. कुणाचे खडूसारखे पांढरे डाग, कुणाचे गंजासारखे तपकिरी. नऊ वर्षांची पोर खर्रा खात नसते. मोठ्या मुली पेढा घेताना ओढणी तोंडावर धरत होत्या. मी गुरुजींना विचारले. ते सहज म्हणाले, "इथलं पाणीच तसं आहे, साहेब." जणू इथली माती काळी आहे, असे सांगावे तसे.

त्यानंतर मला दिसू लागले. चाळिशीतला एक शेतकरी काउंटरपाशी यायचा, पण मान वर करून जाळीतून आत बघता येत नसे. बाजूला बघायचे तर अख्खे शरीर वळवावे लागे. त्याला आम्ही 'वाताचा पेशंट' म्हणत असू. एका मुलीचे लग्न दोनदा मोडले होते, आणि कारण सगळ्यांना माहीत होते, पण कुणी बोलत नव्हते.

आता माझ्या सहीची गोष्ट. त्या चार वर्षांत मी कितीतरी विहिरींची आणि बोअरवेलची कर्जे मंजूर केली. फाइल चोख असे. सातबारा, पंपाचे कोटेशन, जामीनदार, पाणी किती लागेल याचा दाखला. पाणी कसे आहे, याला अर्जात रकानाच नव्हता. आणि रकाना नसला की बँकेतल्या माणसाला प्रश्नच पडत नाही. सिंचनासाठी म्हणून काढलेल्या बोअरचे पाणी उन्हाळ्यात सगळी वस्ती प्यायची, हे मला दिसत होते. त्याचा मला अभिमानही वाटत असे.

फ्लोराइड कुणी कारखान्यातून सोडलेले नसते. ते खडकात असते. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांतल्या काही खनिजांमधून ते हळूहळू पाण्यात उतरते. पाणी जितका काळ खडकात मुरेल, आणि त्यात चुन्याचे प्रमाण जितके कमी असेल, तितके ते अधिक. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरच्या पाण्यात ते बहुधा जास्त सापडते. यवतमाळचा पांढरकवडा परिसर, चंद्रपूरकडचा वरोरा, नांदेडचा किनवट हे भाग यासाठी अभ्यासकांच्या नकाशावर कधीच आले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे बोअर आणि हातपंप गावोगाव गेले. देशभर पसरलेला 'इंडिया मार्क टू' हातपंप सोलापूर पंपावरून घडवला गेला, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. या पंपांनी पटकी कमी करायला आणि पायऱ्यांच्या विहिरींतला नारू हटवायला मदत केली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण नितळ, थंड, जंतू नसलेल्या त्या पाण्यात आणखी काय आहे, हे डोळ्यांना दिसत नव्हते आणि जिभेलाही कळत नव्हते.

गंमत अशी की, दाताला फ्लोराइड चांगले असते, हा शोध लागला तोसुद्धा असल्याच डागांमुळे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला आला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग पाहून तो चक्रावला. डुकराचे मांस जास्त खाल्ल्याने, वाईट दूध प्यायल्याने, अशी कारणे लोक सांगत. (खर्ऱ्याचे माझे निदान या परंपरेत शोभून दिसेल.) मॅकेने आपले उभे आयुष्य या डागांना दिले. डागाळलेले दात फारसे किडत नाहीत, हेही त्याच्या लक्षात आले. आयडाहो राज्यात ओकली नावाच्या गावी एका गरम झऱ्यावरून नवी पाइपलाइन आणल्यावर मुलांचे दात डागाळू लागले, असे तिथल्या आयांनी त्याला सांगितले. त्याने ती पाइपलाइन सोडून द्यायला लावली, आणि पुढच्या मुलांचे दात स्वच्छ आले. तरी पाण्यात नेमके काय आहे, ते १९३१ साली कळले. ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने फ्लोराइड शोधून काढले. म्हणजे एका माणसाने तीस वर्षे एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. मी माझ्या शाखेत चार वर्षे होतो आणि एक नमुनाही तपासायला पाठवला नाही.

पुढचा हिशेब अमेरिकेच्या आरोग्य खात्यातल्या ट्रेंडली डीन यांनी मांडला. लिटरला साधारण एक मिलिग्रॅम असेल तर कीड कमी होते आणि डाग फारसे पडत नाहीत. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या शहराने जगात प्रथमच नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घातले. त्यानंतर तिथे जन्मलेल्या मुलांमध्ये अकरा वर्षांनी कीड साठ टक्क्यांहून अधिक घटलेली दिसली. तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघर नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवे. आज ती आहे, त्यामुळे पाण्यातून होणारा जादा फायदा पूर्वीपेक्षा बराच कमी दिसतो, असे २०२४ सालच्या कॉक्रेन आढाव्यात म्हटले आहे.

कॅलगरीची कथा मला मुलाने सांगितली आणि मग मी ती वाचनालयात जाऊन वाचली, कारण मुलांनी सांगितलेल्या कथा पडताळून घ्याव्यात. १९५७, १९६१, १९६६ आणि १९७१ अशा चार वेळा तिथल्या नागरिकांना मतपेटीतून विचारले गेले, आणि चारही वेळा त्यांनी 'नको' म्हटले. १९८९ मध्ये 'हो' म्हटले, आणि १९९१ पासून फ्लोराइड सुरू झाले. १९९८ मध्ये पुन्हा विचारले, पुन्हा 'हो'. २०११ मध्ये मात्र नगरसेवकांनीच १० विरुद्ध ३ मतांनी ते बंद केले. यंत्रसामग्री जुनी झाली होती आणि नव्याचा खर्च नको होता. मग शास्त्रज्ञांना आयती संधी मिळाली. शेजारच्या एडमंटन शहरात १९६७ पासून फ्लोराइड चालू होते. सात-आठ वर्षांनी दोन्ही शहरांतली दुसरीतली मुले तपासली, तेव्हा कॅलगरीत सुमारे ६५ टक्के मुलांचे दुधाचे दात किडलेले निघाले, एडमंटनमध्ये ५५ टक्के. २०२१ मध्ये पुन्हा जनतेला विचारले गेले, आणि ६२ टक्के लोकांनी 'हो' म्हटले. नवी यंत्रणा उभारायला सुमारे २.८ कोटी डॉलर आणि जवळजवळ चार वर्षे गेली. नदीच्या पाण्यात मुळात लिटरला ०.१ ते ०.४ मिलिग्रॅम असते, ते ०.७ वर आणून ठेवायचे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सूनबाईला हे सांगितले, तरी तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "माझ्या मुलीचे दात मी घासते ना? मग सगळ्यांच्या पाण्यात का घालायचं? मला कुणी विचारलं?" हा प्रश्न पोरकट नाही. बाझल शहराने २००३ मध्ये पाण्यातले फ्लोराइड बंद केले आणि ते मिठातून घेण्याचा पर्याय लोकांवर सोडला. अमेरिकेत तर आता वातावरण फिरले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयाने पर्यावरण खात्याला या बाबतीत पाऊल उचलायला सांगितले. २०२५ मध्ये यूटा आणि मग फ्लोरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराइड घालायला बंदीच केली. दुसरी बाजूही आहेच. ज्या घरात दात घासून घ्यायला आईला वेळ नाही आणि दंतवैद्याचे बिल परवडत नाही, त्या घरातल्या मुलाला नळाचे पाणी हाच दंतवैद्य. मला विचाराल तर ०.७ च्या पाण्याला मी भीत नाही. नातीला तेच पाणी द्या, असे मी शेवटी सांगितले. फक्त ब्रशवर पेस्ट वाटाण्याएवढी घे आणि ती गिळू देऊ नकोस, एवढे जोडले.

पण त्या वाचनात एक आकडा असा सापडला की, मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये एक अहवाल काढला. लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडशी संबंध आला, तर त्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो, असे मध्यम खात्रीने म्हणता येईल, असा त्याचा निष्कर्ष. ०.७ बद्दल मात्र काही ठरवण्याइतकी माहिती नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. हा अहवाल अमेरिकेतल्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तोंडावर फेकतात. त्यामागचे अभ्यास कुठले? कॅनडा, चीन, भारत, इराण, मेक्सिको, पाकिस्तान. यांतल्या बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड कुणी घातलेले नाही, खडकातूनच आलेले. म्हणजे आपल्या पाण्यात ०.७ असावे की नसावे, हे ठरवायला तिथले लोक आपल्यासारख्या गावांतल्या मुलांकडे बघत आहेत. आणि आपण?

आपल्याकडे मानक नाही असे नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५. पण आकडा लिटरमागे असतो आणि माणूस किती लिटर पितो, ते उन्हावर असते. कॅलगरीतला माणूस दिवसाला दोन लिटर प्याला तर त्याच्या पोटात १.४ मिलिग्रॅम गेले. समजा, पांढरकवड्याच्या शेतात मे महिन्यात वखरणीला उभा असलेला माणूस लिटरला ३ मिलिग्रॅमचे पाणी सहा लिटर प्याला, तर झाले १८. शरीरात राहणाऱ्या फ्लोराइडपैकी ९९ टक्के हाडांत आणि दातांत साठते. आमच्या भाषेत ही आवर्ती ठेव. हप्ता रोज भरला जातो, मुदतीआधी मोडता येत नाही, आणि परिपक्वतेची रक्कम चाळिशीत ताठलेल्या पाठीच्या रूपाने हातात पडते. दातांचे तर आठ वर्षांच्या आतच ठरून जाते.

भारतात हा आजार १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला. उपायही आपल्याकडेच निघाला. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची रीत काढली. तिला नाव मिळाले तेलंगणातल्या नलगोंडा गावाचे. साधी, स्वस्त, कुठेही करता येणारी. पण रोज पाण्याप्रमाणे तुरटी मोजून घालायची, गाळ काढायचा, तो दूर नेऊन टाकायचा, हे कुणी करायचे? फीत कापायला माणसे मिळतात, गाळ काढायला मिळत नाहीत. २००८-०९ पासून केंद्राचा फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रम आहे. २०१९ पासून जलजीवन मिशन आहे. जिथे चांगला स्रोत अजून पोचलेला नाही, तिथे निदान पिण्या-रांधण्यापुरते माणशी आठ-दहा लिटर शुद्ध पाणी देणारी यंत्रे बसवायची, असे त्यात ठरले आहे. काही गावांत कार्ड घातले की पाणी येते. लोक त्याला एटीएम म्हणतात. निवृत्त बँकवाल्याला हे ऐकून बरे वाटते. पण त्या यंत्राचेही तेच. झिल्ली बदलायला कुणी नसले की ते 'सेवा बंद आहे' म्हणते.

माझे म्हणणे या मोठ्या योजनांविषयी नाही. ते एका आकड्याविषयी आहे. कॅलगरीत सत्तर वर्षे भांडण चालू शकले, कारण आकडा सगळ्यांच्या हातात होता. ०.४ की ०.७, यावर गृहिणी, दंतवैद्य, नगरसेवक, सगळे तावातावाने बोलत होते. आपल्याकडे पाण्याचे नमुने तपासले जात नाहीत, असे मी म्हणणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, नोंदी होतात, संगणकात जातात. पण तो आकडा घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईपर्यंत जात नाही. बँकेने खातेदाराचे पैसे नीट ठेवले आणि त्याला पासबुकच दिले नाही, तर चालेल का?

यावर एका जाणत्या अधिकाऱ्याने मला सुनावले होते: "आकडा लिहून ठेवला तर लोक घाबरतील. दुसरं पाणी नसेल तर काय प्यायचं त्यांनी?" अडचण खरी आहे. पण फ्लोराइडची एक गोष्ट त्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. ते विहिरीगणिक बदलते. एकाच गावात मारुतीच्या देवळापुढच्या पंपाला तीन येईल आणि शाळेजवळच्या विहिरीला एकाच्या आत. दोन्हींवर आकडा लिहिला, तर एकाचे पाणी रांजणात जाईल आणि दुसऱ्याचे धुण्याभांड्याला, गुरांचेही नंतर बघता येईल. नवी योजना नको, टेंडर नको. एक डबा रंग, तपासणीची तारीख आणि मराठीत एक आकडा. पावसाळ्याआधी आणि नंतर तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा. कर्जाच्या अर्जातही एक रकाना वाढवायला हरकत नाही; माझ्या जागी आज बसलेल्या मुलाला किंवा मुलीला तो भरताना प्रश्न तरी पडेल.

शहरातल्या वाचकांना हे दूरचे वाटेल. धरणाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते, हे खरे. पण मार्च उजाडला की किती सोसायट्यांच्या टाकीत बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळते? सेक्रेटरीला विचारा, ते पाणी शेवटचे कधी तपासले. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. साध्या कँडलच्या फिल्टरनेही जात नाही.

भारतात परतल्यावर मी त्या गावी फोन लावला. माझ्या वेळचा एक कर्जदार अजून संपर्कात आहे. कर्ज कधीच फेडले, माणूस टिकला. त्याची नात माझ्या नातीएवढीच. मी दातांचे विचारले. तो म्हणाला, "पैल्यापेक्षा बरं हाय, साहेब. नळ आला ना. पन उन्हाळ्यात तीन-तीन दिस येत नाई, मंग आपली बोरिंगच."

"बोरिंगवर काही लिहिलंय का? एखादा आकडा?"

"हाय ना, साहेब. पांढऱ्या पेंटानं नंबर टाकेल हाय."

"कसला?"

तो थोडा वेळ थांबला. "बोरिंगचाच," तो म्हणाला.